हातमोजे बदल, मगच हात लाव

‘बाहेर कुठं जाता-बिता काय?’

डायलिसिस सेंटरमधल्या मॅडमनी तात्यांना विचारलेला हा प्रश्न. डोळे बारीक करून. बाहेर म्हणजे कुठं ते तात्यांना कळलं, बाजूला उभ्या मलाही कळलं. तात्या मान खाली घालून गप्प बसले. मी गप्प बसलो नाही.

तात्या आमच्या टोळीतले. तीस वर्षं गोदीत पाठीवर माल घेतला. साखर झाली, प्रेशर झालं, दोन्ही किडन्या बसल्या. तेव्हापासून आठवड्यातून तीन दिवस, चार-चार तास मशीनवर. सेंटरमध्ये पहिलं पाऊल टाकलं तेव्हा हिपॅटायटिस बी नाही, सी नाही, एचआयव्ही नाही. तिन्ही रिपोर्ट स्वच्छ, फाईलला टाचलेले. चौदा महिन्यांनी रिपोर्ट आला : सी पॉझिटिव्ह. या चौदा महिन्यांत तात्या कुठं गेले? घर ते सेंटर, सेंटर ते घर. दारू? ज्या माणसाला दिवसाचं पाणी पेल्यानं मोजून प्यावं लागतं, त्याला कोण दारू पाजणार! रक्ताची बाटली चढली? एकही नाही. दात काढला? नाही. ऑपरेशन? तेही नाही. म्हणजे गेले चौदा महिने तात्यांच्या रक्ताला ज्या एकाच जागी वाट मोकळी होती ती जागा म्हणजे हे सेंटर. आणि प्रश्न कुणी कुणाला विचारायचा? चोराच्या उलट्या बोंबा!

प्रश्नामागोमाग हुकूम आला. ‘आमच्याकडं पॉझिटिव्हसाठी मशीन रिकामं नाही, दुसरीकडं बघा.’ डायलिसिसवरच्या माणसाला ‘दुसरीकडं बघा’ म्हणजे काय? चार-पाच दिवस मशीन चुकलं तर फुप्फुसात पाणी भरतं, रक्तात पोटॅशियम चढतं, काळीज थांबतं. सरळ भाषेत, ‘मरा’. टोळीतले पंधरा जण जाऊन दारात बसलो तेव्हा कोपऱ्यातलं एक मशीन निघालं. रात्रीच्या शेवटच्या पाळीला. मग ते आधी कुठं होतं?

मी मॅट्रिक. डॉक्टरकी मला कळत नाही असं कुणी म्हणेल तर म्हणो. पण मला मोजता येतं, गोदीत सगळं आयुष्य मोजण्यातच जातं. तर मोजू या. एका डायलिसिसला सुया दोन. एकीतून रक्त बाहेर, दुसरीतून आत. आठवड्याला तीन खेपा, वर्षाला ३१२ सुया. मिनिटाला पाव लिटर रक्त अंगाबाहेर येतं, नळीतून फिरतं, डायलायझरमधल्या केसाएवढ्या बारीक नळ्यांतून गाळून परत अंगात जातं. पलीकडून चार तासांत एकशेवीस लिटरच्या आसपास पाणी त्यातली घाण घेऊन वाहून जातं. म्हणजे आठवड्यातून बारा तास या माणसाच्या घराचं दार सताड उघडं. असे आठ-दहा जण एका खोलीत, हाताच्या अंतरावर. त्यांच्यामधून पळणारी पोरं दोन. मी बसून मोजलं : एक टेक्निशियन, सहा मशिनं.

आता विषाणू कसा शिरतो ते बघा. लोकांना वाटतं मशीन बाटलं. मशीनचा यात फारसा हात नाही. आजच्या मशीनमध्ये रक्त मशीनच्या पोटात जातच नाही. नळ्या आणि डायलायझर ज्याचे त्याचे वेगळे, आणि डायलायझरच्या पडद्याची भोकं इतकी बारीक की पडदा धड असेल तर विषाणू पलीकडं जात नाही. एक चोरवाट आहे. दाब मोजणाऱ्या नळीच्या तोंडाला छोटी गोल गाळणी असते, ती रक्तानं भिजली आणि कुणी बदलली नाही तर रक्त मशीनच्या आत पोचू शकतं. बाकी सगळा प्रवास हाताचा.

हाताचा म्हणजे कसा? चार नंबरच्या पेशंटची सुई काढताना रक्ताचा बारीक शिंतोडा हातमोज्यावर उडतो. तेवढ्यात पाच नंबरचं मशीन बोंबलायला लागतं. पोरगा तसाच धावतो, त्याच हातमोज्यानं बटण दाबतो, नळी सरळ करतो, सुईवरची पट्टी दाबून बघतो. झालं काम. नाहीतर हेपारिन. रक्त नळीत गोठू नये म्हणून द्यायचं औषध. एक बाटली पाच जणांत वापरायची, आणि त्या बाटलीत एकदाच वापरलेली सुई एकदाच बुडली की पाचही जणांचं रक्त एकमेकांचं सोयरं झालं. प्रेशरचा पट्टा, चिमटा, खुर्चीचा हात, या पेशंटकडून त्या पेशंटकडं फिरणारा औषधाचा ट्रे. सगळ्यांवर रक्त असतं आणि ते दिसत नाही. बीचा विषाणू सुकलेल्या रक्तात निदान सात दिवस जिवंत राहतो. सीचासुद्धा बाहेर काही आठवडे तग धरू शकतो, हे प्रयोगात दिसलंय. आणि मग डायलायझर धुणं. खर्च वाचावा म्हणून एकाच माणसाचा डायलायझर धुवून त्यालाच परत लावतात. शिस्तीनं केलं तर ते चालतं म्हणतात. पण धुण्याची मोरी एक, धुणारे हात तेच, आणि नावाची चिठ्ठी ओली होऊन निसटलेली. शिस्त कुठून आणणार?

हे फक्त आपल्याच भिकारड्या देशात होतं असं समजू नका. १९६९-७० साली स्कॉटलंडमध्ये एडिंबरोच्या मोठ्या इस्पितळात किडनीच्या वॉर्डात हिपॅटायटिस बीची साथ शिरली. ११ माणसं मेली. नुसते पेशंट नाहीत, त्यांची सेवा करणारी इस्पितळातली माणसंसुद्धा. गोऱ्यांचा देश, सरकारी पैसा, चांगले डॉक्टर, तरीही. पण पुढं त्यांनी काय केलं ते महत्त्वाचं. ‘बाहेर कुठं जाता काय’ असं विचारत बसले नाहीत. लॉर्ड रोझेनहाइमची समिती बसली, १९७२ साली तिनं नियम घालून दिले. सगळ्यांचं रक्त तपासा, पेशंटचंही आणि नोकरांचंही. बी असलेल्याला वेगळं मशीन, वेगळी खोली. १९८१ मध्ये अमेरिकेत बीची लस मंजूर झाली. तपासणी, वेगळं मशीन आणि लस, या तिघांनी मिळून त्या देशांतल्या डायलिसिसमधून बीला जवळजवळ हुसकून लावलं. सीला तर १९८९ पर्यंत नावसुद्धा नव्हतं. ‘ए नाही, बी नाही’ एवढंच त्याचं नाव. नाव नसलेला विषाणू तेव्हाही रक्तातून फिरतच होता.

इथं आपल्यातल्या काही दोस्तांशी माझं भांडण आहे. ‘पॉझिटिव्ह’ची पाटी लावलेलं वेगळं मशीन बघितलं की आपलं रक्त उसळतं. वेगळी कपबशी, वेगळा पाणवठा, वेगळं मसण हे सगळं आपल्या हाडात आहे. मीही आधी ‘अस्पृश्यता! अस्पृश्यता!’ म्हणूनच ओरडलो. मग एका सिस्टरनं मला बाजूला घेऊन समजावलं, आणि मी ऐकलं. बीचा विषाणू रक्तात इतका दाट असतो की लस न घेतलेल्या माणसाला बाधित सुई टोचली तर १०० पैकी ३० जणांपर्यंत लागण होऊ शकते. सीची साधारण २ जणांना. एचआयव्हीची हजारात ३ जणांना. म्हणून बी असलेल्याला मशीन वेगळं, खोली वेगळी, आणि त्या पाळीला त्याच्याकडं बघणारा माणूसही वेगळा. हे बरोबर आहे. ही अस्पृश्यता नाही, आणि आपण तिला तसं म्हटलं तर आपल्याच दुसऱ्या माणसाला मारू. पण सी आणि एचआयव्ही असलेल्यांना वेगळं मशीन द्यायलाच हवं असं जगातले किडनीचे जाणकार म्हणत नाहीत. ते म्हणतात, हातमोजे बदला, हात धुवा, औषध स्वच्छ जागी भरा, दोन पाळ्यांमध्ये मशीन आणि खुर्ची ब्लीचनं पुसा. एवढं नेमानं केलं तर पुरतं.

म्हणजे भेद कुठं आहे ते बघा. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, आणि सवर्णांनी नंतर ते तळं ‘शुद्ध’ केलं. कशानं? शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून, वर मंत्र म्हणून. म्हणजे ज्या तळ्यात काही घाण नव्हती त्यात शेण कालवलं आणि त्याला शुद्धी म्हटलं! ही बामणी शुद्धी माणसात विटाळ शोधते. खरी स्वच्छता तो हातमोज्यात शोधते, बाटलीत शोधते, ट्रेमध्ये शोधते. तात्यांच्या सेंटरात काय चाललंय? तात्यांच्या फाईलला लाल चिठ्ठी, खुर्ची कोपऱ्यात, पाळी शेवटची, आणि हातमोजे? हातमोजे तेच! चार नंबरहून पाच नंबरला जाणारे. विटाळ पाळायचा कडक, स्वच्छता पाळायची ढिली. साला, हा देश पाच हजार वर्षं हेच करत आला.

आणि ही लाल चिठ्ठी निघतही नाही, हे मला पुढं कळलं. सीवर आता औषध आहे. गोळ्या, रोज, बहुतेकांना बारा आठवडे. २०१३ साली अमेरिकेत जेव्हा ही सोफोसबुविरची गोळी आली तेव्हा एका गोळीची किंमत १,००० डॉलर होती. एका गोळीची! पुढं भारतातल्या कंपन्यांनी तीच फार स्वस्तात बनवली, आणि २८ जुलै २०१८ ला केंद्र सरकारचा राष्ट्रीय हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, त्यात बी आणि सी दोन्हीची तपासणी आणि औषध फुकट. डायलिसिसवरच्या माणसालाही हे औषध देतात. तात्यांनी घेतलं. विषाणू गेला, रिपोर्टात एक कणही नाही. पण सेंटर जी साधी तपासणी करतं ती विषाणूची नसते. विषाणूशी लढायला शरीरानं तयार केलेल्या फौजेची असते, आणि ती फौज रोग गेल्यावरही रक्तात राहते. म्हणून साधा रिपोर्ट पॉझिटिव्हच येत राहणार. बरं झालंय का हे बघायला विषाणूची वेगळी, महागडी तपासणी लागते. तिचा कागद तात्यांनी दाखवला. मॅडम म्हणाल्या, ‘आमच्या रजिस्टरला पॉझिटिव्ह आहात ना.’ १९५६ ला आमचे आजे बुद्धाला शरण गेले आणि गावचा तलाठी मात्र जुनंच लिहीत राहिला, त्याची मला आठवण झाली. तलाठ्याचा बाप बदलला नाही, वही बदलली फक्त.

एचआयव्हीवाल्यांसाठी निदान कायदा तरी आहे. २०१७ साली झाला, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. एचआयव्ही आहे म्हणून इलाज नाकारणं त्यानं बेकायदा ठरवलं. त्या माणसाला विचारल्याशिवाय तपासणी करायलाही बंदी. किती सेंटरांच्या भिंतीवर हा कायदा लावलाय? मी तर एकाही भिंतीवर बघितला नाही. मूळव्याधीच्या डॉक्टरची जाहिरात बघितली.

एक गोष्ट वाचली होती. १९६२ च्या सुमाराला अमेरिकेत सिएटल शहरात मशिनं थोडी, मरणारे जास्त, म्हणून सात माणसांची समिती नेमली होती. कुणाला डायलिसिस द्यायचं नि कुणाला मरू द्यायचं ते ही समिती ठरवायची. वकील, पाद्री, बँकवाला, सर्जन, गृहिणी... एक कामगार पुढारीसुद्धा होता त्यात, धन्य आहे! माणसाचं लग्न झालंय का, कमावतो किती, चर्चला जातो का, ते सगळं बघायचे. ‘दुसरीकडं बघा’ म्हणणाऱ्या आमच्या मॅडम त्या समितीच्या आठव्या सभासद. त्यांना फक्त माहीत नाही.

पण मॅडमवर किंवा त्या पळणाऱ्या पोरावर सगळा राग काढून मोकळं होणं म्हणजे मुकादमाला शिव्या घालून मालकाला सोडून देणं. २०१६ च्या केंद्राच्या अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला. जिल्ह्याच्या इस्पितळात गरिबाला डायलिसिस मिळेल. चांगली गोष्ट, त्यानं माणसं जगली, हे मी नाकारत नाही. पण आखणी काय? जागा, वीज, पाणी सरकारचं; मशिनं आणि माणसं खाजगी कंपनीची; पैसा दर डायलिसिसमागं. आपल्या राज्यात जोतीरावांच्या नावाच्या आरोग्य योजनेतही इस्पितळाला पैसे असेच ठरलेल्या दरानं मिळतात. आता गोदीतल्या माणसाला विचारा दर नगामागं पैसा म्हणजे काय ते. टनावर मजुरी असली की कोण दोर तपासतो? कोण हेल्मेट घालतो? खेप वाढली पाहिजे. पाय चेचला तर तो पायवाल्याचा दोष. तेच इथं. दर ठरलेला, म्हणून नफा काढायचा तो हातमोज्यातून, हेपारिनच्या बाटलीतून, डायलायझर आणखी एकदा धुण्यातून, आणि सहा मशिनांमागं एकच पोरगा ठेवण्यातून. तो पोरगा कंत्राटी. त्याला नियम माहीत आहेत, त्यानं मला स्वतः तोंडपाठ म्हणून दाखवले. म्हणाला, ‘भाऊ, दर वेळी बदलले तर पाळीला डबा संपतो. दुसरा मागितला तर विचारतात, खातोस काय?’

शेजारच्या देशातलं सांगतो. २०२४ च्या शेवटी मुलतानच्या निश्तर हॉस्पिटलमध्ये डायलिसिसवरच्या किमान २५ पेशंटना एचआयव्ही झाल्याचं उघडकीला आलं. चौकशी झाली, डॉक्टर निलंबित झाले. तिथं निदान कुणी पेशंटला विचारलं नाही की बाहेर कुठं जाता, एकदम पंचवीस जण थोडेच बाहेर जातात! आपल्याकडं एकेक करून होतं, म्हणून एकेकाला लाज वाटते, एकेक जण फाईल छातीशी धरून घरी जातो आणि बायकोलाही सांगत नाही. तात्यांनी महिनाभर वहिनींना सांगितलं नव्हतं.

आणि खाली सांडलेलं रक्त कोण पुसतं? मावशी. आडनाव विचारायची गरज पडली नाही. नळ्या लाल पिशवीत भरते, फरशी पुसते, बादली उचलते. मी विचारलं, ‘मावशी, कावीळ बीची लस घेतली का?’ तर म्हणाली, ‘मला कोण देतंय बाबा, मी कंत्राटातली.’ २०१६ च्या वैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत लिहिलंय की हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्यायची जबाबदारी इस्पितळाची. प्रत्येकाला. कंत्राटी सोडून, असं त्यात कुठं लिहिलेलं नाही. आपल्या वस्तीतल्या किती मावश्या, किती मामा इस्पितळात कामाला आहेत ते मोजा एकदा. संघटनेनं पुढच्या मोर्चाच्या मागण्यांत हे घातलं पाहिजे. पुतळ्याच्या उंचीच्या आधी, माझं मत.

लसीचंच घ्या. देशभर बाळांना बीची लस २०११ पासून मिळते. म्हणजे आज चाळिशी-पन्नाशीत किडनी बसलेल्या माणसाला ती बहुधा मिळालेलीच नाही. आणि किडनी बसल्यावर लस नीट लागत नाही. धडधाकट शंभरातल्या नव्वदाहून जास्त जणांना लागते, डायलिसिसवरच्या निम्म्या किंवा थोड्या जास्त जणांना. म्हणून त्यांना डोस दुप्पट, ४० मायक्रोग्रॅमचा, आणि एक नव्हे चार वेळा : आज, महिन्यानं, दोन महिन्यांनी, सहा महिन्यांनी. मग रक्त तपासून बघायचं की आकडा १० च्या वर गेला का. नाही गेला तर परत. तुमच्या घरात, चाळीत कुणाचं क्रिएटिनिन वाढायला लागलं असेल तर मशीनवर जायची वाट बघू नका, आताच लस टोचा, कारण आता टोचली तर लागेल. आणि मशीनवर असणाऱ्यानं महिन्याच्या महिन्याला बीचा आणि सहा महिन्यांनी सीचा रिपोर्ट झालाय की नाही हे विचारायचं, कागद स्वतःच्या हातात मागायचा. पहिल्या दिवशीचा कोरा रिपोर्ट जपून ठेवायचा. तात्यांकडं तो होता म्हणून मी तोंड उघडू शकलो. नसता, तर आजही सगळे हेच म्हणाले असते की म्हातारा बाहेर जात होता.

गेल्या गुरुवारी मी तात्यांबरोबर गेलो होतो. शेवटची पाळी, रात्रीचे साडेनऊ. तोच पोरगा. तीन नंबरच्या बाईंची सुई काढली, कापूस दाबला, आणि तसाच तात्यांकडं आला. मी म्हटलं, ‘भावा, आधी हातमोजे बदल, मग हात लाव.’ तो थांबला. चिडला नाही. हातातले काढून टाकले, डब्यात हात घातला आणि डबा माझ्यासमोर उलटा धरला. रिकामा. स्टोअर बंद, चावी मॅडमकडं, मॅडम घरी.

खाली मेडिकल उघडं होतं. मी शंभर नगांचा डबा आणला. पोरानं आधी हात धुतले, नवे मोजे चढवले, तात्यांना लावलं, मग परत बदलून सहा नंबरकडं गेला. त्या रात्री प्रत्येक वेळेस बदलले, मी बसून मोजत होतो. बिल माझ्याकडं आहे.